फड आणि संसार

मराठी शाहिरीचा आणि तमाशाचा इतिहास आपण आजवर बहुधा कवनांच्या वह्यांवरून लिहीत आलो. कोणती लावणी कोणी रचली, कोणत्या दरबारात कोणाला शेला-पागोटे मिळाले, सवाल-जवाबात कोण कोणाला हरला, याची टिपणे आपल्या संशोधकांनी मोठ्या कष्टाने जमवली. तो उद्योग मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु गाणारे माणूस रात्रभर गात असताना त्याची चूल कोण पेटवीत होते, त्याचे मूल कोण निजवीत होते, आणि आजारपण आले तर औषधाचा पैसा कोठून येत होता, हा प्रश्न त्या वह्यांत सापडत नाही. तो क्षुल्लक आहे म्हणून नव्हे, तर तो विचारण्याचे आपणांस सुचले नाही म्हणून. आज मी तोच प्रश्न आपणांपुढे मांडणार आहे. विषय फडाचा आहे. पण पाहावयाचे आहे ते फडाच्या मागच्या कनातीपलीकडे.

प्रारंभ पुण्यापासूनच करू. पेशवाईच्या अखेरच्या काळात या शहरात होनाजी बाळाचे नाव गाजत होते. होनाजी हा गवळ्याचा मुलगा, दुधाचा व्यवसाय घरात चालत आलेला. तो रचना करी आणि त्याचा जोडीदार बाळा कारंजकर ती गाई. म्हणजे दोन मित्रांचे हे एकत्र नाव आहे. शाहिरीही होनाजीच्या घराण्यात पूर्वीपासून होती. गोठा आणि फड एकाच पेठेत नांदू शकले, कारण गोठ्याकडे पाहणारी माणसे घरात होती. सोलापूरच्या राम जोशाची गोष्ट याहून वेगळी. वेदशास्त्रसंपन्न घरातला हा मुलगा तमाशाच्या नादी लागला, तेव्हा थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढले असे सांगतात. पुढे हाच राम जोशी संस्कृत शिकला, लावणीकार म्हणून पुण्यात नावारूपाला आला आणि उत्तरायुष्यात कीर्तनाकडे वळला. संगमनेरच्या अनंत फंदीबद्दलही असेच सांगितले जाते, की अहल्याबाई होळकरांच्या शब्दावरून त्याने तमाशा सोडला आणि कीर्तनाची वाट धरली.

या कथांतला तपशील दंतकथेचा असो वा इतिहासाचा, त्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पुरुष शाहिराला दारे होती. घर सोडून फडात जाता येई, फड सोडून घरी परतता येई. आणि परतताना अंगावर कीर्तनकाराचे उपरणे घेतले की समाज मागचे सारे पोटात घाली. अगदी अलीकडचे उदाहरण पठ्ठे बापूरावांचे. श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८६६ साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष या गावी. गावचे कुलकर्णीपण टाकून हा ब्राह्मण फडात उभा राहिला, जातीने त्याला दूर लोटले, आणि १९४५ च्या डिसेंबरात पुण्यातच त्याचा अंत झाला. त्याने फार सोसले हे खरे. परंतु जे सोसले ते त्याने निवडलेले होते. त्याने घर सोडले असे आपण म्हणतो, आणि 'सोडले' या क्रियापदातच त्याला निवड होती हे आले.

आता त्याच फडात बापूरावांच्या शेजारी उभ्या असलेल्या पवळाबाई हिवरगावकरांकडे पाहा. संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या, महार समाजात जन्मलेल्या या बाई तमाशाच्या इतिहासात एका सीमारेषेवर उभ्या आहेत. पूर्वी फडात स्त्रीचे सोंग नाच्या पोऱ्या घेत असे. पवळाबाईंसारख्या स्त्रिया फडाच्या मध्यभागी आल्या तशी नाच्याची ती जागा हळूहळू आक्रसत गेली. रंगभूमीच्या दृष्टीने हा मोठा पालट होता, आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. संसाराच्या दृष्टीने तो किती मोठा होता याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. फडात केवळ पुरुष होते तोवर संसाराचा प्रश्न गावी ठेवून निघता येत होते. स्त्री फडात आली आणि तो प्रश्न तिच्याबरोबर बैलगाडीत बसून आला. कारण जी गावी राहून घर सांभाळायची, तीच आता रंगमंचावर उभी होती.

या प्रश्नाची दोन उत्तरे तमाशाच्या व्यवसायाने शोधली. तमाशाचे दोन प्रकार आपणांस ठाऊक आहेत. एक संगीत बारीचा आणि दुसरा ढोलकी फडाचा. संगीत बारीत वग नसतो; गाणे, अदा आणि नृत्य यांवर भर असतो, आणि बारी एखाद्या थिएटरात मुक्काम करून राहते. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, पुणे जिल्ह्यातले चौफुला, सोलापूरकडचे मोडनिंब, नगरकडचे जामखेड ही तिची ठाणी. ढोलकी फड हा मात्र फिरता. गण, गवळण, बतावणी आणि अखेरीस वग असा त्याचा क्रम. कापडी तंबू, गाड्या, स्वयंपाकी, वादक, सोंगाडे मिळून मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात.

संगीत बारीचे उत्तर कठोर होते. या व्यवसायात कोल्हाटी समाजातील स्त्रिया पिढ्यान् पिढ्या आल्या, आणि तिथली जुनी रूढी अशी की जी मुलगी पायांत चाळ बांधील तिने लग्न करावयाचे नाही. तिच्या कमाईवर आईवडील, भाऊ, भावांच्या बायका आणि त्यांची मुले जगत. भावांची लग्ने थाटाने होत, आणि घरात आलेल्या सुनेने मात्र नाचावयाचे नसे. म्हणजे एकाच छपराखाली दोन स्त्रिया, एकीला संसार आणि दुसरीला त्या संसाराचा खर्च. जिच्या जिवावर घर उभे, तिचे त्या घरात स्वतःचे असे घर नव्हते. तिला मूल झाले तर ते आजोळी वाढे आणि बापाचे नाव त्याला मिळत नसे.

या व्यवस्थेची साक्ष आतून दिली ती डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी. 'कोल्हाट्याचं पोर' हे त्यांचे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध झाले. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा सोलापूर जिल्ह्यात आजोळी वाढला, हालअपेष्टांतून शिकला आणि डॉक्टर झाला. आईचे नाव त्यांनी बापाच्या नावाच्या जागी लावले, एवढ्यातच सारे आले. आईचे गाणे गावोगावी पोचत होते, आणि आई मात्र मुलापर्यंत पोचत नव्हती. त्यांच्या त्या पुस्तकानंतर बारीकडे पाहण्याची सुशिक्षितांची नजर काहीशी बदलली. स्वतः डॉ. काळे २००७ साली अपघातात गेले.

तरीही बारीचा इतिहास केवळ दुःखाचा नाही. ३१ डिसेंबर १९१५ रोजी वाईजवळ जन्मलेल्या यमुनाबाई वाईकर यांनी याच परंपरेतून आलेली बैठकीची लावणी शास्त्रोक्त गायकांच्या पंक्तीला नेऊन बसवली. त्यांना १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या एकशे दुसऱ्या... म्हणजे पूर्ण १०२ वर्षांच्या होऊन त्या वारल्या. मात्र हिशेब पाहा: अकादमीचा सन्मान मिळाला तेव्हा त्यांच्या वयाला ८० वर्षे होत आली होती. समाजाने त्यांच्या कलेला घरात घेतले, पण फार उशिरा.

ढोलकी फडाने दुसरे उत्तर दिले, आणि ते आपल्या जिल्ह्यात, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात, उत्तम पाहावयास मिळते. इथे स्त्रीला संसार नाकारला गेला नाही. संसारच फडात आणला गेला. बाप फडाचा मालक, भाऊ ढोलकीवर, नवरा वगातला राजा किंवा सोंगाड्या, बहीण गवळणीत, आणि मूल पडद्यामागे गाठोड्यावर निजलेले. घर आणि व्यवसाय यांच्यामध्ये भिंतच नाही.

या व्यवसायाचे वर्षही शेतकऱ्याच्या वर्षाला जोडलेले असते. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि वैशाखात जत्रा संपल्या की परततो. पावसाळ्याचे चार महिने काय ते घर. लग्नकार्ये, मुलांच्या शाळा, घराची डागडुजी, आजारपणे, सारे त्या चार महिन्यांत उरकावयाचे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात; गावोगावचे पंच येऊन जत्रेसाठी सुपारी देतात. कलावंताला हंगामापूर्वी मालकाकडून उचल मिळते आणि पुढचे आठ महिने ती फेडण्यात जातात. मालक तरी मोकळा कोठे असतो? त्याने सावकाराकडून काढलेले असते. अशा या साखळीत एका रात्रीचा खेळ बुडाला तर तो एका माणसाचा बुडत नाही.

हे सारे ध्यानात घेऊन आता विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याकडे वळू. जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात त्यांचा जन्म झाला. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने महाराष्ट्रभर नेला. विठाबाई लहानपणीच फडात उभ्या राहिल्या. त्यांना कोणा गुरूच्या घरी गंडा बांधावा लागला नाही. पाळणा, शाळा आणि रंगमंच त्यांना एकाच तंबूत मिळाले. पुढे फडाची सारी भिस्त त्यांच्यावर आली. गळा होता, नाच होता, वगात भूमिका करण्याची ताकद होती, आणि हजारो लोकांना पहाटेपर्यंत बसवून ठेवण्याचे कसब होते. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविले गेले. योगिराज बागुल यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे. जिज्ञासूंनी ते अवश्य वाचावे.

विठाबाई म्हटले की एक हकिकत प्रत्येकाच्या तोंडी येते. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा खेळ करावयास रंगमंचावर आल्या. ही हकिकत व्याख्यानांतून, लेखांतून, गप्पांतून शेकडो वेळा सांगितली गेली आहे, आणि दर वेळी तिचा शेवट एकाच उद्गाराने होतो: केवढी ही कलेवरची निष्ठा!

निष्ठा होतीच, ती कोण नाकारील? पण इतिहासाच्या अभ्यासकाने टाळी वाजवून थांबावयाचे नसते. नऊ महिने भरलेली बाई त्या रात्री रंगमंचावर का होती, हा साधा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर आपण आताच पाहिलेल्या व्यवस्थेत आहे. सुपारी घेतलेली, गाव जमलेले, फडाच्या नावाची ओळखच त्या बाईवर उभी. त्या आल्या नाहीत तर खेळ नाही, खेळ नाही तर माणसांची उचल फिटत नाही. कारखान्यातील बाईला रजा नाकारणारा मालक तरी समोर दाखवता येतो. इथे फड घरचा होता. जिने रजा मागावयाची आणि जिने ती द्यावयाची, ती बाई एकच होती. संसार फडात आणल्यामुळे स्त्रीला घर मिळाले हे खरे. परंतु त्याच कारणाने तिला फडातून घरी जाण्याची वाटही उरली नाही.

या हकिकतीचा उत्तरार्ध पुष्कळदा गाळला जातो. सांगतात ते असे, की बाई परत आल्यावर त्यांचे पोट दिसेना, तेव्हा प्रेक्षकांत कुजबुज झाली. काय घडले ते कळताच त्या लोकांनीच खेळ थांबवला, बाईंना मान दिला आणि विश्रांती घ्या म्हणून सांगितले. मला या हकिकतीत हा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री विठाबाईंना रजा मिळाली ती फडाकडून नव्हे, कायद्याकडून नव्हे, तर तिकीट काढून बसलेल्या खेडुतांकडून. ती रजा एका रात्रीची होती आणि दयेची होती. पुढच्या गावच्या प्रेक्षकांना ती देण्याचे काही बंधन नव्हते.

कायद्याचे नाव निघाले आहे तर त्याचाही इतिहास पाहू. मुंबई प्रांतात गिरण्यांतील स्त्रियांना बाळंतपणात भत्ता आणि विश्रांती देणारा कायदा १९२९ साली झाला. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ साली विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूती लाभ कायदा आला; त्यात बारा आठवड्यांची तरतूद होती, ती २०१७ साली पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवडे झाली. आरंभी या कायद्याची व्याप्ती कारखाने, खाणी आणि मळे एवढीच होती. १९७३ साली तीत दुरुस्ती झाली, आणि घोड्यांचे, कसरतींचे व तत्सम इतर प्रयोग करून दाखविणाऱ्या संस्थाही तिच्या कक्षेत आल्या. सर्कशीतल्या स्त्रियांचा विचार लोकसभेपर्यंत पोचला, ही चांगली गोष्ट झाली. 'इतर प्रयोग' या दोन शब्दांत तमाशाही बसू शकेल असे एखादा वकील सांगेल. पण जिथे हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही आणि मालक व कलावंत एकाच ताटात जेवतात, तिथे कागदावरचे कलम तंबूच्या दारापर्यंत यावे कसे?

सरकारचे तमाशाकडे लक्ष नव्हते असे मात्र नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली, आणि पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाच्या सुधारणेसाठी समिती नेमली. वगांच्या आणि लावण्यांच्या संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत सुरू झाली. शब्द शुद्ध झाले पाहिजेत, अश्लीलता गेली पाहिजे, हा त्या काळच्या सुशिक्षित समाजाचा आग्रह होता, आणि त्यामागे कलेविषयी आस्थाही होती. आज मागे वळून पाहता एवढेच जाणवते, की बाईच्या तोंडच्या शब्दाची जितकी काळजी घेतली गेली, तितकी तिच्या मुलाच्या दुधाची घेतली गेली नाही.

विठाबाईंच्याच पिढीतल्या कांताबाई सातारकर यांचे चरित्र याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. त्यांचा जन्म १९३९ चा. तमाशातले नामवंत कलावंत तुकाराम खेडकर हे त्यांचे यजमान. १९६४ साली खेडकर वारले. लहान मुले पदरात आणि वय पंचविशीचे. इतर घरांत अशा वेळी बाईने काय करावे हे नातेवाईक ठरवितात. इथे प्रश्न वेगळा होता: ज्या फडात नवरा आणि संसार दोन्ही होते, तो नवऱ्यामागे आपला राहतो काय? कांताबाईंनी पुढे स्वतःच्या नावाचा फड उभा केला, वगांत पुरुषांच्या भूमिकाही गाजविल्या, आणि मुलगा रघुवीर व मुली यांनाही त्याच रंगमंचावर वाढविले. विठाबाईंच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००६ साली सुरू केलेल्या जीवनगौरव पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या साथीत संगमनेरला त्यांचे निधन झाले.

विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला आणि तोच जीवनगौरव मिळविला. त्यांच्या फडाच्या नावात पुढे मुलाचेही नाव आले. म्हणजे आजोबा, मुलगे, नात, पणती, खापरपणतू अशी पाच पिढ्यांची ही वाट. याला आपण परंपरा म्हणतो आणि तिचा अभिमान बाळगतो. तो बाळगावाच. परंतु शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि फडाचे दसऱ्याला. ज्या मुलाचे आईबाप आठ महिने गावोगाव हिंडतात, त्याने आईमागे फडात जावे किंवा आईवाचून गावी राहावे, एवढ्या दोनच वाटा असतात. पाचही पिढ्यांनी ढोलकी आवडीने धरली की दुसरे काही हाती आलेच नाही, हे वंशवृक्ष पाहून सांगता येत नाही.

गाणे आणि संसार यांचा मेळ ज्यांना बऱ्यापैकी घालता आला, असे एक नाव याच काळात आहे, आणि तो का घालता आला हे पाहणे उद्बोधक आहे. सुलोचना चव्हाण यांचा जन्म १३ मार्च १९३३ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या कदम. लहान वयातच त्या चित्रपटांत गाऊ लागल्या; पुढे श्यामराव चव्हाण यांच्याशी विवाह झाला. लावणीचे शब्द कसे फेकावेत, कोठे थांबावे, हे यजमानांनी शिकविले असे त्या आवर्जून सांगत. आचार्य अत्रे यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले. डोक्यावर पदर घेऊन, जागचे न हलता, केवळ आवाजाच्या बळावर त्या ठसकेबाज लावणी म्हणत. मुलगा विजय चव्हाण नामवंत ढोलकीवादक झाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या.

त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा न आणता एक भेद सांगितला पाहिजे. विठाबाईंचे गाणे ऐकावयाचे तर विठाबाईंना गावी यावे लागे. सुलोचनाबाईंचे गाणे ध्वनिमुद्रिकेवर बसून, चित्रपटाच्या पडद्यावर चढून, रेडिओच्या पेटीतून गावी जाई. कार्यक्रमांसाठी त्याही हिंडल्या. पण मुद्रणाच्या दिवशी त्या सायंकाळी घरी परतू शकत. यंत्राने गाणे आणि गाणारी यांची ताटातूट केली, आणि या ताटातुटीने बाईला घर दिले. शिवाय पदर, पती आणि मुंबईचे बिऱ्हाड यांमुळे समाजाला तीच लावणी दिवाणखान्यात ऐकताना संकोच वाटेना. लावणी तीच, फरक पडला तो गाणारीच्या पाठीशी उभ्या असलेल्या घरामुळे आणि जातीमुळे.

आपण पुणेकर प्रेक्षक या इतिहासात कोठे बसतो, हेही विचारले पाहिजे. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे हे शहर तो चित्रपट पाहत होते. त्याची कथा काय? गावच्या बड्या माणसाच्या अत्याचारातून तमाशातल्या स्त्रीला झालेली मुलगी, बापाच्या नावाशिवाय वाढते आणि भर तमाशात आपल्या जन्माचा जाब विचारते. आईची भूमिका हंसा वाडकरांनी केली आणि मुलीची जयश्री गडकरांनी. पुणेकरांचे डोळे त्या कथेने ओले झाले असतील; आणि त्याच अडीच वर्षांत, पंचवीस कोसांच्या आत, खऱ्या फडांतल्या खऱ्या आया आपली मुले पडद्यामागे निजवून रंगमंचावर जात होत्या. पडद्यावरच्या दुःखाला आपण तिकीट काढले. पडद्यामागच्या दुःखाला तिकीट नसते, म्हणून ते दिसत नाही.

विठाबाईंचा शेवट याच सूत्राला धरून झाला. दोन वेळा राष्ट्रपतींकडून गौरविल्या गेलेल्या या बाई उतारवयात विपन्नावस्थेत होत्या. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा उपचारांचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. चार वर्षांनी त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासून आहे, आणि २०२४ पासून ते मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. हा आधार नाकारता येणार नाही. पण तो म्हातारपणी मिळतो. फडातल्या बाईला जी गरज पंचविशीत होती, बाळंतपणाची, पाळण्याची, मुलाच्या शाळेची, तिच्यासाठी काय? २०२० मध्ये साथ आली, लागोपाठ दोन हंगाम जत्रा बंद राहिल्या आणि फड जागच्या जागी थांबले. तेव्हा पुन्हा दिसून आले की हंगाम बुडाला तर या माणसांच्या हाती दुसरे काहीच नसते.

या साऱ्या विवेचनातून मला जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे. गाणे आणि संसार यांचा तोल सांभाळणे हा गाणाऱ्या बाईच्या धैर्याचा प्रश्न आहे असे आपण मानत आलो. धैर्यवान बाई मिळाली की आपण तिची कथा सांगतो, आणि कथा सांगितली की आपले काम संपले असे समजतो. पण होनाजीचा गोठा सांभाळायला घर होते. राम जोशाला परतायला कीर्तन होते. सुलोचनाबाईंना ध्वनिमुद्रिका होती आणि बिऱ्हाड होते. विठाबाईंपाशी यांतले काहीही नव्हते, म्हणून त्यांना धैर्य वापरावे लागले. ज्या समाजात कलावंताला संसारासाठी असामान्य धैर्य लागते, त्या समाजाची व्यवस्था कोठेतरी अपुरी असते.

ती पुरी करणे फार अवघड नाही. नारायणगावात राहुट्या पडतात, तिथे सुपारी ठरते, तिथेच बाळंत कलावंताला मोकळीक देण्याची अट ठरू शकते. फडातल्या मुलांसाठी दसरा ते वैशाख चालणारे वसतिगृह निघू शकते. गावच्या पंचांनी सुपारीबरोबर चार पैसे फडाच्या आजारपणाच्या निधीत टाकले तर जत्रा काही महाग होणार नाही. त्या एका रात्री कोणा खेडेगावच्या प्रेक्षकांनी आपण होऊन खेळ थांबवला आणि बाईला अंथरुणावर पाठविले. त्यांच्यापाशी कायदा नव्हता, समिती नव्हती, व्याख्यानमालाही नव्हती. त्यांना जे एका रात्रीपुरते सुचले, ते वर्षभराच्या रिवाजात बसविणे एवढेच आपले काम आहे.